आधी काम ओळखा, मग तिकीट काढा: व्यवसायातला विमानप्रवास निम्म्याहून कमी करण्याची पद्धत

प्रवासाच्या अर्जावर 'उद्देश' नावाचा एक रकाना असतो. मी बरीच वर्षं असे अर्ज तपासले आहेत. त्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द म्हणजे 'बैठक', त्याखालोखाल 'भेट' आणि 'पाठपुरावा'. कुणाला भेटायचं, काय ठरवायचं, परत येताना हातात काय असायला हवं, यातलं काहीच त्या एका शब्दावरून कळत नाही. तरीही सही होते, कारण मागच्या तिमाहीतही झाली होती.

विमानप्रवास कमी करायचं ठरलं की बहुतेक कंपन्या एकतर सरसकट टक्केवारीने कपात जाहीर करतात, नाहीतर व्हिडिओ कॉलची नवी यंत्रणा विकत घेतात. कपातीने माणसं वैतागतात आणि यंत्रणा धूळ खात पडते. वर्षभरात सगळं मूळपदावर येतं. असं होतं याचं कारण, प्रवास हे मुळात काम नसतं. तो कुठल्या तरी कामासाठी केलेला असतो. ते काम नेमकं कोणतं हे कळलं, तर ते न उडता कसं करायचं याचा विचार करता येतो. ते न शोधता नुसतं तिकीट रद्द केलं, तर काम तसंच लटकत राहतं आणि दोन महिन्यांनी माणूस विमानात बसतोच.

हे सगळं का करायचं, ते थोडक्यात सांगतो. विमानाचं एक किलो इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. २०१८ च्या आकड्यांनुसार माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानवाहतुकीचा वाटा साधारण २.४ टक्के होता. उंचावर उमटणारे ढगांचे पांढरे पट्टे आणि नायट्रोजन ऑक्साइड यांचा परिणाम धरला, तर तापमानवाढीतला वाटा ३.५ टक्क्यांच्या आसपास जातो. हा आकडा लहान वाटतो, पण त्यामागची माणसं मोजली की चित्र बदलतं. त्याच वर्षी जगातल्या सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानाने प्रवास केला, आणि प्रवासी विमानांचं निम्मं उत्सर्जन जेमतेम १ टक्का लोकांमुळे झालं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वारंवार कामासाठी उडणारा माणूस त्या १ टक्क्यात असण्याची शक्यता दाट आहे. हिरवं इंधन, म्हणजे कमी उत्सर्जनाचं विमान-इंधन, येईल तेव्हा सगळं सुटेल, या आशेवर थांबण्यातही अर्थ नाही. २०२४ मध्ये जगातल्या एकूण विमान-इंधनात अशा इंधनाचा वाटा ०.३ टक्क्यांच्या आसपास होता. युरोपीय संघाने घातलेली मिश्रणाची सक्तीसुद्धा २०२५ मध्ये २ टक्क्यांपासून सुरू झाली आणि ७० टक्क्यांवर पोहोचणार ती २०५० मध्ये. तोपर्यंत कमी उडणं हाच हातातला उपाय आहे.

आणि ते जमतं. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातलं बरंचसं आकाश जवळपास आठवडाभर बंद होतं आणि सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. २०१९ मध्ये जगात सुमारे ४५० कोटी विमानप्रवासी होते. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे ते १८० कोटींवर आले. दोन्ही वेळा व्यवहार पूर्ण थांबले नाहीत. मात्र दोन्ही वेळा तयारीला कुणाला सवडच मिळाली नव्हती. त्या काळातल्या त्रासदायक कॉल्सवरून 'ऑनलाइन काही होत नाही' असा निकाल देणं मला पटत नाही. तयारी करून काय जमतं, ते पुढे सांगतो.

पायरी १: बारा महिन्यांची तिकिटं एका तक्त्यात आणा

ट्रॅव्हल एजंटकडून किंवा हिशेब खात्याकडून वर्षभराची यादी मिळते. एक्सेलमध्ये प्रत्येक प्रवासाची एक ओळ करा: कोण, कुठून कुठे, कोणत्या क्लासने, किती रात्री. यापुढे आणखी तीन रकाने जोडा, जे कुठल्याच एजंटकडे नसतात. तिथे प्रत्यक्ष काम किती तास झालं? जायला कुणी सांगितलं? काय घेऊन परत आले? हे रकाने भरायचे तर माणसांशी बोलावं लागतं. प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं द्या, आणि ही झडती नाही हे सुरुवातीलाच स्पष्ट करा. लोक मोकळेपणाने बोलतात. उलट 'माझ्या मते जायची गरज नव्हती' असं सांगायला बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेलं असतं.

उत्सर्जनाचा आकडा काढताना क्लास विसरू नका. ब्रिटन सरकार उत्सर्जन मोजण्यासाठी दरवर्षी जे गुणांक प्रसिद्ध करतं, त्यांत लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासचा आकडा इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट आणि फर्स्ट क्लासचा साधारण चौपट धरलेला असतो. 'विमान तर तेवढंच इंधन जाळतं' अशी हरकत हमखास येते. त्याचं उत्तर असं की आडवं होऊन झोपता येईल अशी एक जागा दोन-तीन साध्या जागांची जमीन खाते, आणि तेवढी माणसं मग दुसऱ्या विमानातून जातात. हरितगृह वायूंच्या हिशेबाची जी पद्धत जगभर वापरली जाते, त्या जीएचजी प्रोटोकॉलमध्ये हा सगळा प्रवास स्कोप ३ च्या, म्हणजे कंपनीच्या कामामुळे पण तिच्या मालकीबाहेर होणाऱ्या उत्सर्जनाच्या, सहाव्या प्रकारात मोडतो. अहवाल लिहिणाऱ्या सहकाऱ्याला हा तक्ता आयता उपयोगी पडेल.

तक्ता झाला की तो उत्सर्जनाच्या क्रमाने लावा. मी पाहिलेल्या प्रत्येक तक्त्यात वरच्या काही ओळींत तीच तीच नावं होती आणि बहुतेक वरिष्ठांची होती. लांब पल्ल्याचे थोडे प्रवास एकूण आकड्याचा मोठा भाग व्यापून बसलेले असतात. तेव्हा सुरुवात तिथून करा.

पायरी २: प्रत्येक प्रवासाला त्याचं खरं नाव द्या

आता 'बैठक' हा शब्द खोडून त्या जागी खरं काम लिहा. माझ्या पाहण्यात व्यवसायातले प्रवास पाच-सहा कामांसाठी होतात. एखादी वस्तू किंवा जागा डोळ्यांनी बघायची असते. हाताने काही जोडायचं, दुरुस्त करायचं असतं. काही ठरवायचं असतं. शिकायचं किंवा शिकवायचं असतं. अनोळखी माणसाशी विश्वासाचं नातं जोडायचं असतं. आणि उरलेले बरेच प्रवास निव्वळ हजेरीचे असतात: आपण गेलो नाही तर बरं दिसणार नाही, म्हणून केलेले.

एक उदाहरण जवळून सांगतो. एक व्यवस्थापक दर तिमाहीला दूरच्या कारखान्यात आढाव्यासाठी जात. दोन दिवसांची बैठक, शंभरेक स्लाइड. त्यांच्याशी बोलताना मी विचारलं, "त्या दोन दिवसांत तुम्हाला इथे बसून कळलं नसतं असं काय कळलं?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "स्लाइडमधून काहीच नाही. पण बैठक संपल्यावर मी शॉप फ्लोअरवरच्या फोरमनबरोबर चहाला उभा राहतो. पंधरा मिनिटांत तो मला सांगतो की खरं काय चाललंय." म्हणजे प्रवासाचं काम होतं त्या फोरमनशी बोलणं, आढावा हे नुसतं निमित्त. आम्ही आढाव्याच्या जागी चार पानांचं टिपण ठेवलं आणि त्या दोघांचा दर आठवड्याला वीस मिनिटांचा फोन लावून दिला, ज्यात तिसरं कुणी नाही आणि नोंदही नाही. वर्षाचे चार प्रवास होते, त्यातला एक उरला. व्यवस्थापकांचं म्हणणं असं की आता त्यांना आधीपेक्षा जास्त कळतं, कारण बातमी तीन महिने शिळी नसते.

हजेरीचे प्रवास सर्वांत आधी काढा. त्यांना पर्याय शोधण्याचीही गरज नसते. 'येत नाही' म्हणायची परवानगी वरून मिळाली की पुरे.

पायरी ३: तपासणी दुरून, पण शिस्तीत

यंत्र पाठवण्याआधी बघणं, मालाची प्रत तपासणं, पुरवठादाराची जागा पाहणं, या प्रवासांना पर्यायच नाही असं लोक छातीठोकपणे सांगतात. खरं तर इथेच सर्वांत जास्त करता येतं. व्यवस्थापन प्रणालींच्या लेखापरीक्षणाचं मार्गदर्शक मानक आयएसओ १९०११ याच्या २०१८ च्या आवृत्तीत दुरून करायच्या परीक्षणाचा विचार केलेला आहे, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मंचाचा एमडी ४ हा स्वतंत्र दस्तऐवजही आहे. म्हणजे हा पळवाटेचा मार्ग नाही.

फक्त फोन उचलून 'जरा यंत्र दाखवा' म्हटलं तर काही दिसत नाही. चित्र हलतं, यंत्रांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही आणि समोरचा त्याला हवं तेच दाखवतो. आम्ही चुका करत करत जी पद्धत बसवली ती अशी.

कॅमेरा धरणारा आणि बोलणारा माणूस वेगळे हवेत. बोलणाऱ्याच्या हातात कॅमेरा असला की तो बोटाने दाखवायच्या नादात कॅमेरा जमिनीकडे नेतो. तपासणीची यादी आदल्या दिवशी पाठवा, पण क्रम तुम्ही तिथल्या तिथे सांगा. सुरुवात दारापासून करायला लावा: पूर्ण शेड, मग यंत्र, मग त्यावरची नेमप्लेट आणि क्रमांक, सगळं मध्ये न तोडता एका दमात. मोजमाप घेताना व्हर्निअर कॅलिपर आधी पूर्ण मिटवून शून्य दाखवायला सांगा, मग तुकड्यावर लावायला सांगा, आणि आकडा स्थिर झाल्यावर कॅमेरा तीन सेकंद तिथेच धरायला लावा. ही तीन सेकंदं फार महत्त्वाची. चित्र स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच, आणि नंतर वाद झाला तर तीच चौकट उपयोगी पडते. लेन्स पुसायला सांगायला लाजू नका. कारखान्यातल्या फोनवर तेलाचा थर असतोच.

आवाजासाठी तोंडाजवळ माइकची दांडी येणारा हेडसेट द्या. यंत्राचा आवाज ऐकायचा असेल, तर तो कॉलवर ऐकू नका. कॉलचं सॉफ्टवेअर सतत येणारा आवाज 'गोंगाट' समजून गाळून टाकतं. बेअरिंगची घरघर त्यातच जाते. फोनवर वेगळं रेकॉर्ड करून फाइल मागवा, आणि शक्य असेल तर कंपनाच्या मापनाची फाइलही.

रंग मात्र पडद्यावर कधीही मंजूर करू नका. प्रत्येक कॅमेरा आणि प्रत्येक पडदा रंग आपापल्या परीने दाखवतो. आरएएल किंवा पँटोन या प्रमाणित रंग-यादीतला क्रमांक ठरवा, आणि एकाच तुकड्याचे दोन नमुने करून एक इकडे, एक तिकडे ठेवा. पोताचं, कापडाचं, पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाचंही तसंच. दोन्ही टेबलांवर एकच नमुना असेल तर दोन माणसं हजारो किलोमीटरवरून एकाच वस्तूबद्दल बोलू शकतात. कुरिअरनेही उत्सर्जन होतंच, पण दोन किलोचं पाकीट आणि बॅगेसह बसलेला माणूस यांत फरक आहे.

नव्या पुरवठादाराची पहिली भेट आणि जिथे माणसांच्या सुरक्षिततेचा किंवा मजुरांच्या स्थितीचा प्रश्न आहे अशी तपासणी मात्र दुरून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेरा कुठे वळवायचा नाही हे ठरवणारा माणूस तिकडे असतो. अशा वेळी त्याच भागातला स्वतंत्र तपासनीस नेमा. त्याला विमान लागत नाही.

पायरी ४: हात तिथेच तयार करा

बहुतेक विमानप्रवास बुकिंगच्या दिवशी ठरत नाही. तो ठरतो त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, जेव्हा सगळे तज्ज्ञ एकाच शहरात बसवले जातात आणि ग्राहक मात्र सगळीकडे असतात. मग यंत्र बंद पडलं की उडण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून ही पायरी सर्वांत संथ आहे आणि सर्वांत जास्त फळ देणारीही.

ग्राहकाच्या भागात एक-दोन माणसं नेमा किंवा तिथल्या एखाद्या सर्व्हिस कंपनीशी करार करा. त्यांना शिकवण्यासाठी एकदा माणूस पाठवायचा, किंवा त्यांनाच बोलवायचं, आणि त्या वेळी घाई करायची नाही. दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं तर पुढची पाच वर्षं उडत राहावं लागतं. तीन आठवडे दिले तर लागत नाही. यंत्र पाठवण्याआधी आपल्याकडेच पूर्ण चालवून, त्याच्या जोडणीचं चित्रीकरण करून ते सोबत द्या. चित्रीकरण जोडणाऱ्याच्या खांद्यावरून करा, समोरून नाही. समोरून केलं की डावं-उजवं उलटतं आणि बोल्ट चुकीच्या बाजूने आवळला जातो. सोबत सुट्या भागांची पेटी द्या, म्हणजे तीन ग्रॅमच्या सीलसाठी कुणाला धावावं लागणार नाही.

यंत्राच्या कंट्रोलरला दुरून जोडून दोष शोधता येतात. पण जोडणी सतत चालू ठेवू नका. ग्राहकाच्या बाजूला प्रत्यक्ष एक चावीचा स्विच हवा, जो त्याने फिरवला तरच तुम्ही आत येऊ शकाल, आणि काम झालं की बंद. दुरून यंत्र हलवायचं असेल तर तिथे माणूस उभा आहे की नाही, हे आधी तोंडी विचारा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत कळफलकाला हात लावू नका.

पायरी ५: बैठकांची नव्याने बांधणी

मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेव्हाव या संशोधकांचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला इथे फार उपयोगी वाटतो. त्यांनी प्रयोगशाळेत आणि एका कंपनीच्या पाच देशांतल्या अभियंत्यांमध्ये जोड्या पाडून पाहिलं. समोरासमोर बसलेल्या जोड्यांना व्हिडिओवरच्या जोड्यांपेक्षा जास्त नव्या कल्पना सुचल्या. पण सुचलेल्या कल्पनांतून चांगली निवडण्यात व्हिडिओवरच्या जोड्या कुठेही कमी पडल्या नाहीत. याचा थेट वापर करता येतो. नवं काही शोधायचं असेल तर वर्षातून एकदा एकत्र या. निवड, मंजुरी, आढावा, वाटाघाटींच्या मधल्या फेऱ्या दुरून करा.

दुरून करायच्या बैठकीत आधी आवाज नीट करा, चित्र नंतर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेक संभाषणांना जाणवत नाही, आणि ४०० च्या वर तर जाऊच नये. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालू लागतात, 'तुम्ही बोला, नाही तुम्ही बोला' सुरू होतं, आणि समोरचा उर्मट आहे असं वाटू लागतं. वाय-फायऐवजी केबल लावा. एका खोलीत पाच जण असतील तर टेबलाच्या मध्यभागी चांगला माइक हवा. लॅपटॉपचा माइक लांबच्या दोघांना गिळून टाकतो.

व्हिडिओ कॉलच्या थकव्याचंही बघा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलनसन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणं मांडली: फार जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा दिसत राहणं, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव समजून घेण्याचा वाढलेला ताण. उपायही त्यातच आहेत. स्वतःचं चित्र लपवा, खिडकी लहान करा, खुर्ची मागे घ्या, आणि एखादा कॉल फक्त आवाजावर, चालत चालत करा.

कागद दोन दिवस आधी पाठवा. तरी कुणी वाचत नाही, हे धरून चाला आणि पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी शांतपणे वाचायला ठेवा. शेवटी ठरलेलं सगळ्यांसमोर टाइप करा, म्हणजे 'मला वाटलं होतं की' ही तक्रार उरत नाही. आणि वेळेच्या पट्ट्यांचा त्रास वाटून घ्या. नेहमी एकाच देशातल्या माणसांना रात्री अकराला जागं ठेवायचं आणि मग ते गप्प का असतात असं विचारायचं, हा अन्याय आहे. एक महिना त्यांनी रात्री बसावं, पुढचा महिना आपण.

नुसत्या सहीसाठी होणारे प्रवास अजूनही आहेत, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने इलेक्ट्रॉनिक सह्यांचा नमुना कायदा २००१ मध्येच दिला आहे आणि अनेक देशांचे कायदे त्याला धरून आहेत. कोणत्या दस्ताला प्रत्यक्ष हजर राहावंच लागतं, ते वकिलाकडून एकदा लिहून घ्या. यादी छोटी निघते.

पायरी ६: जायचंच असेल तर

आधी रेल्वे बघा. तुलना उड्डाणाच्या वेळेशी करू नका, दारापासून दारापर्यंत करा: विमानतळावर पोहोचणं, सुरक्षा तपासणी, थांबणं, सामान घेणं, पुन्हा शहरात येणं. टोकियो ते ओसाका सुमारे अडीच तास, माद्रिद ते बार्सिलोना साधारण तेवढेच, बीजिंग ते शांघायचे १,३०० किलोमीटर सुमारे साडेचार तासांत. अशा मार्गांवर विमान फारसा वेळ वाचवत नाही, आणि रेल्वेतला वेळ सलग असतो, लॅपटॉप उघडून काम होतं. फ्रान्सने २०२३ मध्ये, अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवर विमानांना बंदीच घातली. कंपनीसाठी मी याहून सैल पण ठाम नियम सुचवेन: रेल्वेने सहा तासांच्या आत पोहोचता येत असेल तर विमानाला कारण द्यावं लागेल, रेल्वेला नाही. रेल्वेचं तिकीट महाग असलं तरी त्याला वेगळी मंजुरी लागू नये. ही एक ओळ धोरणात नसली की बाकीचं धोरण कागदावर राहतं, कारण हिशेब खातं स्वस्त तिकीट मागतं.

लांबच्या प्रवासात फेऱ्या कमी आणि मुक्काम जास्त ठेवा. तीन दिवसांच्या चार फेऱ्यांऐवजी बारा दिवसांची एक केली की उत्सर्जन एक चतुर्थांशावर येतं. त्या भागातली इतर खात्यांची कामंही तोच माणूस उरकू शकतो. त्यासाठी सगळ्यांना दिसेल असं प्रवासाचं कॅलेंडर लागतं. पण घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्यांना लांब मुक्काम जड जातो. त्यांच्यावर तो लादू नका, आणि तो नाकारला म्हणून बढती अडवू नका.

पायरी ७: प्रवासाचं बजेट टनांत द्या

पैशांच्या बजेटमध्ये स्वस्त विमान जिंकतं. म्हणून प्रत्येक विभागाला वर्षाचा उत्सर्जनाचा कोटा टनांत द्या आणि दर महिन्याला उरलेला आकडा सगळ्यांना दाखवा. कंपनीचा एकूण कोटा पहिल्या वर्षी सध्याच्या उत्सर्जनाच्या तीन चतुर्थांश, दुसऱ्या वर्षी निम्मा, अशी उतरण ठेवा. कोटा कसा खर्च करायचा ते विभागाने ठरवावं. वरून प्रत्येक तिकिटावर वाद घालत बसलात तर दोन्ही बाजू थकतात.

हा एकूण कोटा विभागांत आणि माणसांत मागच्या वर्षीच्या उड्डाणांवरून वाटू नका. तसं केलं की जो जास्त उडला त्याला जास्त मिळतं, आणि नव्याने आलेल्याला काहीच नाही. खरं तर प्रवासाची गरज नव्या माणसाला जास्त असते. वीस वर्षं काम केलेल्याला ग्राहक आवाजावरून ओळखतो. नव्याला त्याने चेहऱ्याने तरी ओळखायला हवं. वरिष्ठांनी आपला वाटा खाली द्यावा. आणि कपात संचालकांपासून सुरू व्हावी, जाहीरपणे. साहेब बिझनेस क्लासने जाऊन 'कमी उडा' म्हणून ईमेल पाठवत असतील, तर तो ईमेल कुणी मनावर घेत नाही.

विमान कंपन्यांच्या बक्षीस-मैलांकडेही लक्ष द्या. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या योजनेने रूढ केलेली ही पद्धत आज सगळीकडे आहे. कंपनीच्या खर्चाने उडायचं आणि बक्षीस स्वतःला, म्हणजे जास्त उडण्यासाठी पगाराबाहेरचा बोनसच. ते मैल कंपनीच्या खात्यात जमा होतील अशी सोय करा, आणि न उडता काम पुरं करणाऱ्याला मोकळा दिवस द्या.

वाचलेल्या पैशांचा काही भाग चांगले माइक, सुट्या भागांचे साठे आणि स्थानिक प्रशिक्षण यांसाठी राखून ठेवा. सगळी बचत नफ्यात गेली तर ही योजना काटकसर ठरते आणि लोक तिच्याकडे तशाच नजरेने बघतात. वृक्षारोपणाची प्रमाणपत्रं घेऊन कोटा वाढवण्याची मुभा देऊ नका. झाडं लावा, पण आकड्यातून वजा करू नका.

परिषदा आणि मोठी संमेलनं

२०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूविज्ञान संशोधकांच्या संघटनेच्या अधिवेशनाचा हिशेब संशोधकांनी मांडला आहे. सुमारे २८,००० माणसं, आणि त्यांच्या ये-जा करण्याने सुमारे ८०,००० टन उत्सर्जन, म्हणजे माणशी जवळपास तीन टन. यातला मोठा वाटा खंड ओलांडून आलेल्यांचा होता. म्हणून वार्षिक संमेलन एका जागी भरवण्याऐवजी तीन-चार प्रदेशांत एकाच दिवशी भरवा आणि मुख्य सत्रं जोडा. कंपनीकडून परिषदेला पाचऐवजी एकाने जावं, आणि परतल्यावर बाकीच्या चौघांसाठी तासभर बसावं.

ग्राहकाला कसं सांगायचं

सगळ्यांना धास्ती असते ती याची: स्पर्धक जाईल, आपण नाही गेलो तर ऑर्डर जाईल. म्हणून न येण्याची सूचना कधीच एकटी पाठवू नका, तिच्यासोबत काहीतरी जास्तीचं द्या. मी सहकाऱ्यांना साधारण असा मजकूर देतो: "दर तिमाहीला येण्याऐवजी आम्ही वर्षातून एकदा, पाच दिवसांसाठी येऊ. एरवी दर पंधरा दिवसांनी आमचा अभियंता तुमच्या टीमबरोबर अर्धा तास बसेल, आणि अडचण आली तर चार तासांत कॉलवर हजर असेल. तुमच्या शहरात आमच्याकडून प्रशिक्षित माणूस आता उपलब्ध आहे." ग्राहकाला भेटीपेक्षा उत्तर लवकर हवं असतं, असा माझा अनुभव आहे. भेटीची तयारी त्याच्याही माणसांचे दोन दिवस खाते. जो खरोखर नाराज होईल त्याच्याकडे जा. कोटा त्यासाठीच आहे.

कुठे अडतं

दोन ठिकाणी ही योजना घसरताना मी पाहिली आहे. एक, वाचलेल्या वेळात लगेच नव्या बैठका भरल्या जातात, आणि सहा महिन्यांत लोकांना विमानातली शांतता आठवू लागते. कॉलच्या संख्येवरही मर्यादा ठेवा. दुसरं, काही जण पडद्यावर आणि काही जण खोलीत अशी मिसळ बैठक. खोलीतले आपापसात बोलतात, पडद्यावरचे प्रेक्षक होतात. एक जण दूर असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यावं, किंवा दूरच्यांच्या वतीने मध्येच 'थांबा' म्हणणारा एक माणूस खोलीत नेमावा.

जे प्रवास ठेवायचे

ही यादी सुरुवातीलाच लिहून जाहीर करा. नव्या भागीदाराबरोबरची पहिली भेट. वर्षातून एकदा दूरच्या सहकाऱ्यांसोबत घालवलेला एक आठवडा. भांडण ईमेलवरून विकोपाला गेलं असेल तेव्हा. कारखान्यात अपघात झाला, कुणी गेलं, तर त्यांच्या माणसांसमोर उभं राहायला. आणि एखादी शाखा बंद करायची असेल, माणसांना कामावरून कमी करायचं असेल, तर ते पडद्यावरून सांगू नका. ज्याने निर्णय घेतला त्याने स्वतः जावं. अशा प्रवासाला कोटा विचारू नका, 'उद्देश' भरून घेऊ नका. तिकीट त्याच दिवशी काढा.